ग्लेनचा पवित्रा

डगचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, म्हणजे घरीच, लॅपटॉपसमोर. कॅमेरा चालू, चेहरा गंभीर आणि टेबलाखाली फोन… "बाबा आज पहाटे गेले. त्रास झाला नाही. बॅट तुमच्याकडे आहे असं सांगून गेलेत, ती तुमच्याकडेच राहू द्या." डग हा आमच्या शेजारच्या ग्लेनचा मुलगा, राहायला कॅलगरीला. मी कॅमेरा बंद केला आणि बेसमेंटमध्ये गेले. घर तापवणाऱ्या फर्नेसच्या शेजारी, आमच्या जुन्या सुटकेसना टेकून ती बॅट उभी होती. लाकडी, मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, पोटाला एक बारीक चीर. मी तिला हात लावला नाही. नुसती बघत राहिले आणि डोक्यात एकच गोष्ट आली, जी अशा वेळी यायला नको होती. याचा पवित्रा तर मला येतच नाही. आता मे महिन्यात काय करायचं?

हे काय प्रकरण आहे ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. आम्ही लंडनला राहतो. लंडन म्हणजे राणीचं नव्हे, कॅनडातलं, टोरोंटोपासून गाडीनं दोनेक तासांवरचं. नागपूरच्या माझ्या सासूबाईंना ही फसवणूक अजून पटलेली नाही. हे घर घेतलं त्या वर्षीची गोष्ट. एप्रिल होता, बर्फ नुकताच वितळला होता आणि सगळ्यांच्या अंगणात गेल्या वर्षीची कुजलेली पानं वर आली होती. माझा नवरा नितीन खिडकीपाशी कॉफी पीत होता. म्हणाला, "मंजू, तो शेजारचा म्हातारा बघ. मघापासून तसाच वाकून उभा आहे. स्ट्रोक-बिक तर नाही ना आला? नाइन वन वन करू का?" मी बघितलं. पानं ओढायचा दाताळ्याचा दांडा खांद्यावर उचललेला, गुडघे वाकलेले, पार्श्वभाग मागे, मान आमच्या गार्बेज बिनकडे वळलेली. मी म्हटलं, "अरे वेड्या, तो बॅटिंग करतोय." नितीन म्हणाला, "रेकनं?" मी म्हटलं, "हो, आणि चुकीची करतोय."

चप्पल घालून मी बाहेर गेले. कुणी विचारलं नसताना सल्ला द्यायची खोड मला माहेरहून आली आहे. म्हटलं, "एक्सक्यूज मी सर, तुमचं मागचं कोपर फार वर जातंय." म्हातारा हलला नाही, फक्त डोळे माझ्याकडे वळले. "कोपर माझं नाही," तो म्हणाला. "क्लॅरेन्सचं आहे." मी विचारलं, क्लॅरेन्स कोण? "मेला तो. गेल्या नोव्हेंबरात." आणि मग दाताळं खाली ठेवून, पाठ सरळ करत त्यानं मला विचारलं, साडी नेसून, फोटो काढत गृहप्रवेश केलेल्या या बाईला कोपर कसं काय दिसलं?

तर सांगते. अमरावतीला आमच्या शाळेत सॉफ्टबॉल होता. का होता, तर आमच्या पी.टी.च्या सरांना तो येत होता, एवढंच कारण. महाराष्ट्रातल्या किती तरी गावांत तो असाच कुणा सरांच्या बोटाला धरून आला आणि दहावीला खेळाचे वाढीव मार्क मिळतात म्हणून टिकला. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण; चेंडू मोठा, मैदान लहान, बाकी नातं तेच. मी जाडजूड आणि तोंडाळ, म्हणून सरांनी मला कॅचर केलं. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारी. विदर्भातलं ऊन, काळी माती आणि सगळ्या टीममध्ये छातीचं पॅड एकच, त्यामुळे आधीच्या मुलीचा घाम आपल्या अंगाला. मागून सर ओरडायचे, "मंजे, तोंड काय बघतेस तिचं, पाय बघ पाय!" कारण फलंदाज काय करणार ते त्याच्या पायांत आधी दिसतं. टाच उचलली, गुडघा वळला, कोपर पडलं… प्रत्येकीचा पवित्रा वेगळा, आणि चार चेंडूंत तो मला पाठ व्हायचा. पुढे मार्क मिळाले, इंजिनिअरिंग झालं, लग्न झालं, आणि ही विद्या पोळपाटाखाली ठेवलेल्या कागदासारखी तशीच पडून राहिली. ग्लेनला मी हे सगळं त्याच्या अंगणात उभ्या उभ्या सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "यू वेअर अ कॅचर." त्या दिवसापासून त्यानं मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

मी त्याला मिस्टर ग्लेन म्हणायचे. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसतं नावानं हाक मारायला माझी जीभ रेटत नव्हती. इथे लिहिताना मात्र तो 'तो' झालाय, आणि आता तसाच राहू दे. त्याची बायको जोन काही वर्षांपूर्वी गेली होती, मुलगा दूर, आणि घरात एक जुना रेडिओ. मी चहाला बोलावलं तर इथली माणसं तारीख ठरवतात; हा त्याच शनिवारी आला आणि मग दर शनिवारी येत राहिला. आमच्या दाराला कॅमेरावाली बेल आहे, तिच्यावर त्याचा राग. "घरात शिरण्याआधी फोटो कशाला?" तो बेल वाजवायचाच नाही. पायरीवर उभा राहून हातातल्या काठीनं बूट झाडायचा, डाव्या बुटावर दोनदा, मग जरा थांबून उजव्यावर एकदा, आणि वरच्या मजल्यावरून आमची सई ओरडायची, "आई, ग्लेन्स हिअर!" आल्याचा चहा त्याला पहिल्यांदा ठसका लावून गेला. दुसऱ्या शनिवारी म्हणाला, तो जाळणारा चहा आहे का? मारी बिस्किट चहात बुडवून मऊ पडायच्या आत उचलायची कला मात्र त्याला शेवटपर्यंत जमली नाही. निम्मी बिस्किटं कपाच्या तळाशी जायची आणि तो ती चमच्यानं काढून खायचा.

ग्लेन लंडनजवळच्या एका छोट्या गावातला. तिथे मोजे-बनियन विणणारी एक गिरणी होती आणि गिरणीची बेसबॉलची टीम. साठच्या दशकात हे लोक आठवडाभर यंत्रांवर उभे राहायचे आणि शनिवार-रविवार आसपासच्या गावांशी खेळायचे. त्यातला कुणीही मोठ्या लीगमध्ये गेला नाही, कुणाचं नाव तुम्ही ऐकलेलं नाही, मीही नव्हतं. गिरणी केव्हाच बंद पडली. मैदान राहिलं, नदीकाठी, स्केटिंगच्या रिंकच्या मागे. आणि राहिली ती टीमची एक रीत. मे महिन्यातल्या लाँग वीकेंडनंतरच्या रविवारी उरलेले सगळे तिथे जमायचे. घडीच्या खुर्च्या, थर्मासमध्ये कॉफी, डोनटचा एक डबा. मग ग्लेन ती चीर गेलेली बॅट घेऊन होम प्लेटपाशी, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागी जायचा आणि गेलेल्या एकेका गड्याचा पवित्रा घेऊन उभा राहायचा. काही बोलायचं नाही. खुर्च्यांतले म्हातारे डोळे बारीक करून बघायचे आणि ओळख पटली की त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचे. नाव घेतलं गेलं की ग्लेन बॅट जमिनीवर ठेवायचा, पुन्हा उचलायचा, आणि दुसरा माणूस व्हायचा.

पहिल्यांदा त्यानं मला नेलं तेव्हा मला वाटलं होतं, म्हाताऱ्यांची गंमत असेल. गाडीत बसताना नितीनला डोळा मारून गेले होते. पण ग्लेननं क्लॅरेन्सचं कोपर आभाळाकडे उचललं आणि रे नावाचा उंच म्हातारा घोगऱ्या आवाजात "क्लॅरेन्स" म्हणाला, तेव्हा मी हातातला डोनट परत डब्यात ठेवला. मग मोठा माइक आला, गुडघे जुळवलेला, जीभ दातांत धरलेला. मग कुणी डावखुरा, जो बॅट बाळासारखी कुशीत झुलवायचा. आणि सगळ्यांत शेवटी एडी. एडी पुढची टाच उचलून उभा राहायचा, पायाखाली कुणाची बांगडी पडली असावी इतक्या जपून. त्याचं नाव कुणी ओरडून घेतलं नाही. सगळे एकदमच हळू आवाजात म्हणाले, "एडी." आमच्याकडे सर्वपित्रीला बाबा पळीनं पाणी सोडत नावं घ्यायचे, आजोबांचं, पणजोबांचं, त्यांच्या वडिलांचं. ती नावंच होती नुसती, माणूस केव्हाच पुसला गेला होता. इथे आधी माणूस यायचा आणि नाव मागून.

एडीपासूनच ही रीत सुरू झाली होती. पंचविशीही गाठली नव्हती त्यानं. मार्चमध्ये तळ्यावरच्या बर्फात भोक पाडून मासे धरायला गेला आणि बर्फ खचला. ग्लेन त्याच्यासोबत जायचा होता, पण त्याला गिरणीत जादा पाळी लागली. अंत्यविधीला चर्चमध्ये टीममधला प्रत्येक जण दोन शब्द बोलायला उठला आणि खाली बसला. कुणाला बोलताच येईना. मग पुढच्या मोसमातली पहिली मॅच. बॅटिंगच्या क्रमात एडीची जागा आली तेव्हा ग्लेन उठला, एडीची बॅट घेऊन गेला आणि टाच उचलून एडीसारखा उभा राहिला. समोरच्या टीमच्या पिचरनं चेंडू टाकलाच नाही. त्यालाही कळलं होतं. ग्लेन हे मला सांगत होता तेव्हा चहात बुडालेलं बिस्किट तसंच राहिलं. "मी काही ठरवून केलं नव्हतं," म्हणाला. "बोलायचं नव्हतं म्हणून उभा राहिलो." नंतर एकेक जण जात गेला आणि ही जबाबदारी न मागता त्याच्याकडे आली.

या रिवाजाला नियम एकच होता. जिवंत माणसाचा पवित्रा घ्यायचा नाही. स्वतःचाही नाही. एकदा मी विचारलं, "मिस्टर ग्लेन, तुमचा दाखवा ना." त्यानं काठीनं माझ्या पायाला हलकेच टोकलं आणि म्हणाला, "यू विल हॅव टु वेट, कॅचर." आम्ही दोघंही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मग त्याच्या खुब्याचा सांधा बदलला. त्याच्यानं गुडघे वाकवून उभं राहवेना, आणि एका शनिवारी चहा झाल्यावर तो म्हणाला, "आता तू शीक." मी म्हटलं, मी? मी पाच फुटांची, ही सगळी धिप्पाड माणसं, आणि त्यातल्या एकालाही मी बघितलेलं नाही. त्याचं म्हणणं, बघायचं असतं ते तुला बघता येतं, बाकीचं मी आहे. मग आमच्या ड्राइव्हवेवर शिकवणी सुरू झाली. तो घडीच्या खुर्चीत, ब्लँकेट पायावर, आणि मी बॅट घेऊन उभी. शेजारपाजारचे कुत्रे फिरवताना थांबायचे. नितीन विंटर टायर बदलता बदलता म्हणायचा, "आज कोण चाललंय? माइक का?" ग्लेन सरांपेक्षाही खाष्ट होता. माझा अंगठा कुठे आहे यावर त्यानं एक अख्खी दुपार घालवली. म्हणायचा, माइक जाड होता म्हणून तसा उभा राहायचा नाही, तो घाबरायचा म्हणून तसा उभा राहायचा. तू जाड होऊ नकोस, घाबर.

सगळ्यांनाच हे पसंत नव्हतं. नॉर्म नावाचा एक खवचट म्हातारा होता, त्यानं मैदानावर सगळ्यांसमोर सांगितलं की परक्या बाईनं त्याच्या मित्रांच्या नकला केलेल्या त्याला चालणार नाहीत, आणि तो मेल्यावर तर अजिबात नाही. मलाही राग आला. मी म्हटलं, तुम्ही मरू नका म्हणजे झालं. रे खो खो हसला, नॉर्म कॉफी न पिता निघून गेला. आणि पुढच्याच हिवाळ्यात तो गेला… त्या मे महिन्यात मी सगळ्यांत आधी नॉर्म झाले. खांदे कानांशी नेले, हनुवटी पुढे काढली, बॅट अशी धरली की जणू समोरच्यानं आपले पैसे बुडवलेत. रेनं नाव घेतलं आणि मग टोपी डोळ्यांवर ओढली. ग्लेन मला म्हणाला, "त्यानं तक्रार केली नसती." माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं. त्यानंतर खुर्च्या दोनच उरल्या, ग्लेनची आणि रेची.

या वर्षी जानेवारीतच ग्लेनला धाप लागायला लागली. शनिवारी बूट झाडल्याचा आवाज यायचा आणि पुढे दार उघडेपर्यंत तो कठड्याला धरून उभा असायचा. फेब्रुवारीत त्याला हॉस्पिटलमध्ये हलवलं. मी शेवटची भेटले ती दुपारची वेळ होती, बाहेर करडं आभाळ, आणि नाकात ऑक्सिजनची नळी घातलेला ग्लेन उशीवर अगदी लहान दिसत होता. आल्याचा चहा थर्मासमधून नेला होता, तो त्यानं नुसता हुंगला. मग म्हणाला, "एडी दाखव." मी म्हटलं, इथे? त्यानं मान हलवली. मी जॅकेट काढलं, त्याची काठी घेतली आणि पलंगाच्या पायथ्याशी टाच उचलून उभी राहिले. औषध द्यायला आलेली नर्स दारातच थांबली. ग्लेननं बोट जरासं खाली केलं. मी कोपर खाली घेतलं. त्यानं बोट आणखी खाली केलं. मी आणखी खाली घेतलं. मग त्यानं डोळे मिटले आणि मला वाटलं झोप लागली, पण तो म्हणाला, "हां. असाच." मी त्याला त्याचा पवित्रा विचारला नाही. ते विचारणं म्हणजे तुम्ही मरताय हे सांगणं होतं, आणि तेवढी हिंमत मला झाली नाही. आठवड्याभरात डगचा मेसेज आला.

अंत्यविधीच्या हॉलमध्ये सगळं नीट होतं. कडा कापलेली सँडविच, हळू आवाजातली माणसं, भिंतीवर फिरत राहणारे फोटो. ग्लेन गोल्फच्या गाडीत, ग्लेन नातीसोबत, ग्लेन आणि जोन समुद्रावर. चेहराच चेहरा. मी डगला विचारलं, बाबांचा बॅटिंग करतानाचा फोटो? त्यानं जुनं सामान उपसलं आणि टीमचा एक फोटो आणून दिला. सगळे हाताची घडी घालून ओळीत बसलेले, बॅटी जमिनीवर आडव्या. त्यानं स्वतः वडिलांना खेळताना बघितलंच नव्हतं, तो बाळ असतानाच टीम मोडली होती. "आय एम सॉरी," तो म्हणाला, जसा काही तो त्याचा दोष होता.

मग उरला रे. तो आता एका लाँग टर्म केअरमध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात असतो, व्हीलचेअरवर, आणि वर्षभरात त्याची नजर जवळपास गेलेली आहे. उजेड-अंधार तेवढा कळतो. मी त्याच्या खोलीत जाऊन बसले आणि सरळ विचारलं, ग्लेन कसा उभा राहायचा? रेनं तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं. बॅटिंगला ग्लेननंतर त्याचाच नंबर असायचा, म्हणजे मोसमामागून मोसम त्यानं ग्लेनला जवळून बघितलेलं. तो म्हणाला, "नुसता उभा राहायचा." मी म्हटलं, म्हणजे? "म्हणजे काही नाही. बसची वाट बघत माणूस उभा राहतो तसा. त्याला पवित्राच नव्हता. म्हणून तर तो सगळ्यांचे घेऊ शकायचा." मी घरी आले आणि स्वयंपाकघरात रडले. नितीन म्हणाला, "अगं, मग तसंच उभी राहा ना, साधी." त्याचं चूक नव्हतं. पण मला काय लागलं होतं ते त्याला समजावता येईना. ज्यानं साठ वर्षं प्रत्येकाला ओळखीचं ठेवलं, त्याला ओळखायला काहीच नाही. तो उभा राहणार आणि कुणी नाव घेणार नाही, कारण तो तर कुणीही असू शकतो.

तो रविवार आला. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि मैदानाच्या तांबूस मातीचा चिखल झाला होता. आम्ही रेला आणलं. नितीननं त्याची व्हीलचेअर पत्र्याच्या शेडखाली, खेळाडू बसायच्या बाकाशेजारी लावली, त्याच्या गुडघ्यांवर ब्लँकेट टाकलं आणि कॉफीचा कप त्याच्या हातात नीट धरवला. डोनटचा डबा मी सवयीनं मोठाच आणला होता. बॅट घेऊन मी प्लेटपाशी गेले आणि एडीपासून, म्हणजे उलट बाजूनं सुरुवात केली, कारण ग्लेनला शेवटी ठेवायचं होतं. टाच उचलली. शेडमधून काहीच आवाज आला नाही. येणार कुठून? रे माझ्या दिशेला तोंड करून बसला होता, पण त्याला दिसत होता फक्त उजेड. मग मीच म्हटलं, "एडी." तो म्हणाला, "ओके." डावखुरा. माइक. क्लॅरेन्स. नॉर्म. पवित्राही मीच घेत होते आणि नावही मीच. रे प्रत्येक वेळी मान हलवत होता, एखाद्यानं हजेरी घ्यावी आणि हजर कुणीच नसावं तसं. इतकी वर्षं ज्या गोष्टीत जीव होता, ती माझ्या डोळ्यांसमोर नुसती कवायत झाली. मग मी ग्लेनसाठी उभी राहिले. साधी, बसची वाट बघत असल्यासारखी. नदीकडून गार वारा येत होता. मला त्याचं नाव घेता येईना. मी घेतलं असतं तर ते बाबा घ्यायचे त्या नावांसारखंच झालं असतं, सर्वपित्रीचं पाणी सोडल्यासारखं. काही वेळानं मी बॅट खाली केली. रेनं विचारलं, "झालं?" मी म्हटलं, झालं.

नितीन खुर्ची गाडीकडे न्यायला आला आणि माझे बूट बघून दचकला. गाडी नवी आहे. "मंजू, प्लीज, तो चिखल घेऊन आत बसू नकोस." माझी मनःस्थिती भांडायचीही नव्हती. मी शेडच्या सिमेंटच्या पायरीवर गेले आणि हातात होती त्याच बॅटनं बूट झाडले. ठक ठक… ठक. मी काहीच विचार केला नव्हता. इतक्या शनिवारी ऐकलेलं हातातच बसलं असावं.

रेचा हात थांबला. कॉफी ब्लँकेटवर सांडली. त्यानं मान वर केली आणि नदीपर्यंत जाईल अशा, इतक्या वर्षांत मी कधी न ऐकलेल्या आवाजात हाक दिली, "ग्लेन!"

मग तोच सांगायला लागला, घाईघाईनं, विसरून जाईल या भीतीनं. बॅटिंगला उतरला की ग्लेन हे करायचाच. डाव्या बुटावर दोन, उजव्यावर एक. चिखल असो नसो. रे त्याच्यानंतरच्या नंबरवर, गुडघा टेकून बसलेला, आणि त्याला न बघताही कळायचं की ग्लेन आता तयार झाला. "आय फरगॉट," तो म्हणत राहिला, "आय फरगॉट दॅट." मी पायरीवर बसले. कॅचर पाय बघते म्हणून मी आयुष्यभर शेखी मिरवली, आणि इथे थंडीत अख्खा देश पायऱ्यांवर बूट झाडतो म्हणून ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रीतीप्रमाणे नाव घेतल्यावर बॅट जमिनीवर ठेवायची असते. मी ती चिखलात ठेवली. उचलायला मला जरा वेळ लागला.

परतताना रे पुढच्या सीटवर होता, मी मागे. मग हायवेला लागल्यावर त्यानं न वळताच विचारलं, "माझा येतो तुला, कॅचर?" ग्लेन सोडून पहिल्यांदाच कुणी मला त्या नावानं हाक मारली. मी म्हटलं, "यू विल हॅव टु वेट." रे हसला, खोकला, पुन्हा हसला. नितीननं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि नजर रस्त्यावर नेली.

रेचा पवित्रा मला येतो. ग्लेननं तो रेच्या पाठीमागे, नियम मोडून, बेसमेंटमध्ये शिकवला होता, कारण आपण आधी जाणार हे त्याला दिसत होतं. पण तो घेऊन मी त्या मैदानावर उभी राहीन तेव्हा खुर्चीत कोण असेल? नितीन येईल, सई सुट्टीवर असली तर तीही येईल. ती दोघं रेला खुर्चीतला म्हातारा म्हणूनच ओळखतात. त्यांच्यापुढे मी बॅट उंच धरली काय नि खाली धरली काय… हे सगळं माझ्यापाशी येऊन थांबलं आहे, आणि मी कुठली, अमरावतीची.

बॅट पुन्हा फर्नेसपाशी आहे. तिच्या टोकाला लागलेला चिखल वाळून तांबडा झालाय, तो मी पुसलेला नाही. शेजारच्या घरावर विक्रीची पाटी लागली आहे. शनिवारी मी चहा टाकते तेव्हा आलं किसताना हात जरा हळू चालतो आणि कान दाराकडे असतो. कुणी ना कुणी येतं, पार्सलवाला, सईच्या मैत्रिणी, आणि सगळे बेल वाजवतात.